लाखाच्या गाडीवरचा शिक्का

दत्ता,

तुझ्या दहाव्याला घाटावर माइकवरून माझं नाव पुकारलं आणि मी उठलो नाही. "दत्तात्रयरावांचे आयटीआयपासूनचे जिवलग मित्र, वरवंडचे भानुदासराव दोन शब्द बोलतील," असं दोनदा म्हणून झालं. मी चपला शोधत असल्यासारखा खाली वाकून बसलो. मग दुसरं कोणीतरी उठलं आणि तू किती मनमिळाऊ होतास ते सांगायला लागलं. मनमिळाऊ! तुझ्या टेबलासमोर गाडी घेऊन उभं राहिलेल्या कुठल्याही माणसाला विचारावं. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके धुंडाळले असते तरी तुझ्याइतका खवट माणूस सापडला नसता. हे वाक्य माइकवर कोणी म्हटलं असतं तर तू खूश झाला असतास.

मी उठलो नाही, कारण मला जे बोलायचं होतं ते घाटावर बोलण्यासारखं नव्हतं. तुझ्यामाझ्यात पावणेदोन वर्षं बोलणं नव्हतं, आणि मंडपातल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक होतं. 'जिवलग' म्हणताना तो निवेदन करणारा मास्तरसुद्धा जरा अडखळलाच. म्हणून आता लिहितो. दहाव्याला तीन आठवडे झाले. काल रविवारी हंगामाची पहिली शर्यत झाली आणि तिथं मी एक गोष्ट केली. ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण सुरुवात तुला माहीत असलेल्या गोष्टींपासूनच करतो, नाहीतर मी पुन्हा सोयीचं तेवढंच सांगेन. ती माझी सवय तुझ्याइतकी कोणाला माहीत नाही.

आपल्याकडं शर्यत म्हटलं की लोकांना बैल आठवतात. आपली शर्यत मोटारसायकलची. दिवाळीनंतर इनामगावच्या अलीकडच्या माळावर, नाहीतर दौंडच्या बाजूला, चुन्याची फक्की मारून वाट आखायची, बारा फेऱ्या, आणि धुरळा असा की पहिल्या गाडीमागच्या कोणाला काही दिसत नाही. सुरुवातीला ज्याची गाडी तोच चालवायचा. मग प्लॉटिंगवाले आले, ढाबेवाले आले, बियाण्यांच्या दुकानांचे फलक लागले. पगारी रायडर आले. कोल्हापूरहून, पुण्याहून, महिन्याच्या पगारावर पोरं ठेवली जाऊ लागली. बक्षिसाची रक्कम वाढली आणि गाड्यांवरचा खर्च तिच्याही पुढं पळाला. चार-पाच लाखांची गाडी माळावर उतरली की साध्या गाडीवाल्यांनी काय करायचं? त्यांनी चहा पीत बघायचं. दोन हंगामांत निम्म्या गाड्या गळाल्या, आणि बघायला येणारी माणसंही गळाली, कारण पहिला कोण येणार ते घरून निघतानाच कळत होतं.

तेव्हा यवतच्या ढाब्यावर बैठक झाली. ढाबा विलासरावांचा. विलासराव म्हणजे माझे साडू, माझ्या रंजनाच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि सगळ्यांत मोठ्या टीमचे मालक. तिथं 'लाखाचा गट' ठरला. गाडी, सुटे भाग, काम, सगळं मिळून एक लाखाच्या आत. तपासणीस म्हणून तुझं नाव मीच सुचवलं होतं. बावीस वर्षं रांजणगावच्या कारखान्यात क्वालिटीला काढलेला माणूस, लग्नातसुद्धा खिशात मायक्रोमीटर घेऊन जाणारा. आपला मित्र टेबलावर असला म्हणजे आपलं जरा बरं, असंही माझ्या मनात होतं. ते आता कबूल करायला हरकत नाही.

पहिल्या वर्षी तू सगळ्यांकडून बिलं मागितलीस. बिलं काय, हवी तेवढी मिळतात. निम्म्या टीमना मीच माझ्या गॅरेजच्या बिलबुकातून लिहून दिली. ज्या गाडीला परदेशी शॉकअ‍ॅब्सॉर्बर होते तिचं बिल होतं, 'धुणे व ग्रीसिंग'. हंगामाच्या शेवटी तू गॅरेजवर आलास आणि कपाटावरची रिकामी बिलबुकं मोजलीस.

"भान्या, आधी एक बुक तुला चार वर्सं पुरायचं. औंदा तीन संपली. धंदा लई वाढला म्हण की."

"वाढला," मी म्हणालो.

"मग ते वायरिंग तरी दुरुस्त कर दुकानाचं."

तू स्टुलावर बसून चहा प्यालास आणि जाताना म्हणालास, "कागदावर भागायचं न्हाई. कागूद आपला चांगला हाय, समदी लिव्हत्यात तसं ऐकून घेतो."

पुढच्या बैठकीत तू ती वाटणीची गोष्ट काढलीस. घोड नदीच्या काठची तुमची जमीन तुम्ही दोघा भावांनी वाटली तेव्हा तलाठी नाही, मोजणीदार नाही. जुनी रीत. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. थोरला तू होतास. "आपल्याला कुठला वाटा येणार ते ठावं नसलं ना, म्हंजी बांध घालताना हात आपोआप सरळ पडतो," तू म्हणालास. आणि त्यातूनच तू नियम काढलास. शर्यत संपल्यावर अर्धा तास. शर्यत पुरी केलेला कोणीही रायडर टेबलावर लाख रुपये ठेवून जिंकलेल्या गाडीवर मागणी करू शकतो. मालकानं गाडी जशी आहे तशी, तिथल्या तिथं द्यायची. नाही दिली तर बक्षीस गेलं आणि दोन हंगाम बाहेर. बिलं नकोत, चौकशी नको. तुझी गाडी लाखाचीच आहे म्हणतोस ना? मग लाखाला द्यायला तुझं काय जातं?

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विलासरावांनी सगळ्यांना मिसळ खाऊ घातली.

आणि तीन हंगाम एकानंही मागणी केली नाही.

हे तुझ्या हिशेबात नव्हतं. तुझा नियम परक्या माणसांसाठी होता आणि आपल्या माळावर परकं कोणी नव्हतंच. ह्याची बहीण त्याच्याकडं दिलेली, त्याचा मामा ह्याचा व्याही. बैल मागितला तर माणूस हसून देईल, पण भर मैदानात चार लोकांसमोर पाहुण्याची गाडी लाख रुपये फेकून उचलायची म्हणजे 'तू चोर आहेस' असं म्हणणंच झालं. ते कोण म्हणणार? तुझा अर्धा तास सगळे वडापाव खाण्यात घालवायचे. तू टेबलामागं घड्याळाकडं बघत बसायचास, वेळ संपली की शिट्टी वाजवायचास. भीड भिकेची बहीण, असं आपली माणसं म्हणतात खरी, पण म्हणतानाही एकमेकांची भीड बाळगूनच म्हणतात. गाड्या पुन्हा महाग झाल्या. त्यात माझीही होती.

आपलं एक भांडण याच काळातलं. ते आजही मिटलेलं नाही, म्हणून इथं मांडतो. माझ्या मेव्हण्याची लेथ आहे, तो मला भाग फुकट करून देतो. तू म्हणालास, त्याची बाजारात जी किंमत ती धरायला पाहिजे.

"आरं पण मी दिलंच न्हाईत पैसं!"

"फुकटाची बी किंमत असती. तुला लेथवाला मेव्हणा हाय. ज्याला न्हाई त्यानं काय करायचं?"

"त्यानं लग्न करावं."

तू हसला नाहीस. मग मी मुद्द्यावर आलो. विलासराव पुण्याच्या मेकॅनिकला तीस हजार देतात, ते खर्चात धरले जातात. तेच काम मी माझ्या हातानं करतो, सकाळी गॅरेज उघडायच्या आधी दोन-दोन तास कानस घेऊन बसतो. त्याचे किती धरणार?

"धरायला तर पायजेत," तू म्हणालास.

"म्हंजी देवानं हात दिलं त्याचा दंड भरू?"

तू व्हर्निअर पुसत बसलास. मग म्हणालास, "इच्यार करून सांगतो." तू कधी 'विचार करून सांगतो' म्हणणाऱ्यातला नव्हतास. मला वाटलं, मी जिंकलो. ते उत्तर तू दिलं नाहीस. की माळावर दिलंस तेच उत्तर होतं, ते मला अजून नीट ठरवता येत नाही.

तो दिवस आठवतो ना. दौंडच्या बाजूचं मैदान, हंगामाची शेवटची शर्यत. तपासणीच्या टेबलावर तू त्या दिवशी दुसरा माणूस बसवलास आणि स्वतः नाव नोंदवलंस. पन्नाशीचा माणूस, उसनं हेल्मेट, आणि गाडी कोणती, तर दूध घालायची ती जुनी शंभर सीसी. दुधाच्या किटल्या अडकवायच्या हुकांसकट. भोंग्यावरचा माणूस ओरडला, "दूधवाले आले, भांडी काढा!" अख्खं मैदान हसलं. मीसुद्धा हसलो. निवृत्तीनंतर माणसाला काय काय सुचतं, असं मी रंजनाला म्हणालो. आमच्या रायडरनं आमची गाडी पहिली आणली. तू तीन फेऱ्या मागं, सगळ्यांत शेवटी, पण शर्यत पुरी केलीस. मी टाळ्या वाजवल्या.

मग तू हेल्मेट काढलंस, धुरळ्यानं पांढऱ्या झालेल्या मिशा पुसल्यास आणि टेबलावर पाचशेच्या दोन गड्ड्या ठेवल्यास.

"भान्याच्या गाडीवर मागणी."

मला वाटलं चेष्टा आहे. मग मी तुझं तोंड बघितलं.

"तुला कशाला पायजे रं ही गाडी? तुला चालवता बी येत न्हाई."

"येत न्हाई."

"मग?"

"लोकाच्या घरापास्नं सुरुवात केली तर ती दुश्मनी व्हती, भान्या. आपल्या घरापास्नं केली तर तो नियम व्हतो."

मी किल्ली टेबलावर फेकली, ती उडून खाली धुरळ्यात पडली. तू वाकून उचललीस, शर्टाला पुसलीस. मी म्हणालो, "आजपास्नं तुझी माझी ओळख न्हाई." हे वाक्य मी पन्नास माणसांसमोर म्हणालो, त्यामुळं ते पाळणं भाग पडलं. एकटे असतो तर दुसऱ्या दिवशी विसरलो असतो.

आणि एवढ्यावर मी थांबलो नाही. गॅरेजवर येईल त्याला मी सांगत सुटलो की दत्तानं माझं काम चोरलं. माझ्या हाताची करामत काय ती इंजिन खोलून बघायची होती त्याला. मीटर घेऊन मोजत बसला असेल, बघा. लोक मान डोलवायचे. खोटं दहा वेळा सांगितलं की सांगणाराच आधी त्यावर विश्वास ठेवायला लागतो. महिन्याभरात माझी स्वतःची खात्री पटली होती.

इकडं तुझा नियम मात्र चालू लागला. आपल्या जिवलगाची गाडी उचलणारा माणूस बघितल्यावर लोकांची भीड चेपली. पुढच्या हंगामात चार मागण्या झाल्या. उद्या दुसऱ्याच्या दारात जाऊ शकणाऱ्या गाडीत कोण सोनं ओतणार? खर्च आपोआप खाली आले. सत्तर हजारांत उभी केलेली गाडी पहिली आली तेव्हा ती उभी करणाऱ्या दोघा भावांना खांद्यावर घेऊन लोक नाचले. ते मला फोटोत बघावं लागलं. मी मैदानावर जाणं बंद केलं होतं.

तू फोन करायचास. वर्षाचे दोन पाडवे, दोन्हीला. गुढीपाडवा, दिवाळीचा पाडवा, परत गुढीपाडवा, आणि हा आत्ताचा दिवाळीचा पाडवा. चार फोन. मी एकही उचलला नाही. शेवटच्या वेळी तर फोन माझ्या हातातच होता. तुझं नाव बघत मी तो वाजू दिला. रंजना म्हणाली, "अहो, उचला की. सणाचं माणूस फोन करतंय." मी म्हणालो, "त्याला वाकायला आवडत असंल तर वाकू दे." त्यानंतर आठव्या दिवशी सकाळी तुझ्या धाकट्या भावाचा फोन आला, आणि तो मी उचलला.

दहाव्यानंतर चार दिवसांनी मी तुझ्या घरी गेलो. भीमा ओलांडून त्या रस्त्यानं येताना कुठं कुठं खड्डे आहेत ते मला आठवत नव्हतं, इतके दिवस झाले होते. बरोबर त्या दोन गड्ड्या होत्या. दत्ता, मी त्या खर्च केल्याच नाहीत. रागानं कपाटात टाकल्या होत्या, साड्यांच्या खाली. तू लावलेलं रबर वितळून नोटांना चिकटलं होतं, ओढायला गेलो तर तुटलं. मी सुमनवहिनींना म्हणालो, हे दत्ताचे पैसे, हे ठेवा.

"त्याचं कसं व्हईल, भाऊजी? ती गाडीची किंमत हाय. गाडी आमच्याकडं, पैसं तुमच्याकडं. फिटलं की."

"मग गाडी तरी विकून टाका, वहिनी. घरात पडून काय उपयोग?"

त्या मला गोठ्यामागच्या शेडमध्ये घेऊन गेल्या आणि पेंडीची पोती बाजूला केली.

गाडी तशीच होती. त्या दिवशीचा धुरळासुद्धा तसाच. आणि इंजिनच्या बोल्टांतून ओवलेली तार आणि तिच्यावरचा शिशाचा शिक्का, शर्यत संपल्या संपल्या पहिल्या तीन गाड्यांना मारतात तो, जसाच्या तसा. तार हललेली नव्हती. मी गुडघ्यावर बसून बोट लावून बघितलं. माझं इंजिन कोणीही खोललं नव्हतं.

"मी बी त्यास्नी म्हणलं व्हतं, इका," वहिनी म्हणाल्या. "कारखान्यातनं सुटताना मिळालेलं पैसं त्यात घातल्यालं. तर म्हणलं, इकली की घेणारा खोलंल."

"खोलू द्यायची की."

"म्हणलं, खोलली की भान्याचं नाव निघंल."

मी तिथंच बसून राहिलो. वहिनी चहा टाकायला आत गेल्या, ते त्यांनी मुद्दाम केलं असणार.

तर दत्ता, आता सांगतो. पावणेदोन वर्षं मी हाताच्या किमतीवर भांडलो. हात होतेच, ते काम खरं आहे, पण त्या इंजिनात बाहेरून मागवलेला पिस्टन होता आणि कॅमशाफ्ट होता. पुण्याच्या एका रायडरकडून रोख घेतलेले, बिलाशिवाय. गाडी मला एक लाख त्रेपन्न हजारांना पडली होती. हा आकडा मी रंजनालाही सांगितलेला नाही. आमची गाडी हातानं जिंकली नव्हती, दत्ता, विकत घेतलेल्या लोखंडानं जिंकली होती. तुझ्याशी तत्त्वावर भांडताना मला हे माहीत होतं. तुला किती माहीत होतं? इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून तू बेअरिंग ओळखायचास. तुला कळलं असणारच. खोलून बघितलं असतंस तर तपासणीस म्हणून तुला ते सांगावं लागलं असतं, आणि भानुदास चोर ठरला असता. मागणी केलीस म्हणून मी नुसता चिडका ठरलो. लाख रुपये घालून तू माझी अब्रू पेंडीच्या पोत्यांखाली झाकून ठेवलीस, आणि मी गावभर तुलाच चोर म्हणत होतो.

माझं चुकलं. हे मला घाटावर माइकवर म्हणता आलं नाही.

वहिनींनी चहा दिला आणि मी निघताना दाराशी उभ्या केलेल्या दुधाच्या गाडीकडं बघत होतो, तर म्हणाल्या, "ती न्यायची आसंल तर न्या. चालू हाय." मी काही बोललो नव्हतो. तुझ्या घरात सगळ्यांनाच आवाजावरून बेअरिंग कळतं बहुतेक.

त्या गाडीकडं बघण्याचं कारण असं, की तुझ्या दहाव्याच्या दुसऱ्याच दिवशी यवतच्या ढाब्यावर बैठक झाली होती. मीही गेलो होतो, बऱ्याच दिवसांनी. दोन मिनिटं उभं राहून तुला श्रद्धांजली झाली आणि बसल्या बसल्या विलासराव म्हणाले, "दत्तात्रयराव व्हतं तवर ठीक व्हतं. आता कशाला पाहुण्या-पाहुण्यांत वाकडं? मागणी-बिगणी ऱ्हाऊ द्या. समद्यांनी आपापल्या मनानं लाख पाळायचा."

आपापल्या मनानं! मनाचं मोजमाप तुझ्याकडं असतं तर तू एवढी वर्षं मायक्रोमीटर कशाला वापरला असतास? पण सगळ्यांच्या माना हलल्या. शेवटी मधला मार्ग निघाला. पहिल्या शर्यतीला अर्धा तास ठेवून बघायचा. कोणी मागणी केली तर नियम राहील. नाही केली तर तो अर्धा तास पुढच्या शर्यतीपासून बक्षीस समारंभाला द्यायचा. मागणी कोणीच करणार नाही, हे तिथं सगळ्यांना कळत होतं. तुझं दुसरं श्राद्ध होतं ते. मिसळ यावेळीही होती.

काल इनामगावच्या माळावर मी नाव नोंदवलं. एकावन्न वर्षं, डाव्या गुडघ्याला पट्टा, तुझंच ते उसनं हेल्मेट. ज्याचं होतं त्याला तू परत केलंच नव्हतंस, वहिनींनी माळ्यावरून काढून दिलं. किटल्यांचे हुक मी काढले नाहीत. भोंग्यावरचा माणूस या वेळी काही म्हणाला नाही. त्यानं गाडी ओळखली असावी.

शर्यतीचं काय सांगू. धुरळ्यात काहीच दिसत नाही, हे इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या उभ्या करून मला माहीत नव्हतं. सहाव्या फेरीला वळणावर पडलो. दोघांनी येऊन उचललं, एक म्हणाला, "मामा, बास करा आता." मी म्हणालो, पुरी करायची आहे. पुरी न करणाऱ्याला मागणी करता येत नाही. तू तीन फेऱ्यांनी मागं होतास, मी चार. तेवढं तुझं वरचढ राहिलं.

पहिली गाडी विलासरावांची आली. दुसऱ्या कोणाची आली असती तर मला सोपं गेलं असतं. पण मी देवाला तसं मागितलं नव्हतं, हेही खरं. टेबलापर्यंत चालत जाताना गुडघा दुखत होता आणि रंजना मंडपात बहिणीशेजारी बसलेली मला दिसत होती. दोघी एका ताटलीतून भेळ खात होत्या. मी त्या दोन गड्ड्या टेबलावर ठेवल्या, रबराचे तुकडे अजून चिकटलेल्या.

"विलासरावांच्या गाडीवर मागणी."

विलासराव आधी हसले, अगदी मी हसलो होतो तसेच. मग म्हणाले, "भानुदासराव, काय कमी केलं व्हय आम्ही तुमाला?"

मला तुझ्यासारखं वाक्य सुचलं नाही. मी नुसतं म्हणालो, "कायबी न्हाई. नियम हाय."

त्यांनी किल्ली फेकली नाही. माझ्या हातात दिली, माझ्याकडं न बघता, आणि आपल्या चारचाकीत बसून निघून गेले. जिंकल्याचं बक्षीस त्यांच्या माणसानं घेतलं. लिहिणाऱ्यानं वहीत लिहिलं, मागणी एक. नियम राहिला, दत्ता.

गाडी आता माझ्या गॅरेजच्या मागं उभी आहे. तुझ्याच पक्कडीनं मारलेला शिक्का आहे तिच्यावर. इंजिन चालू केलं आणि ऐकलं. तू असतास तर आपण एकमेकांकडं बघितलं असतं. मी बंद केलं आणि वर पोतं टाकलं. तो शिक्का मी तोडणार नाही आणि गाडी विकणारही नाही. रंजना कालपासून माझ्याशी बोललेली नाही. तिच्या बहिणीनं तिचा फोन उचललेला नाही. या घरात पुढची किती वर्षं कशी जाणार आहेत, ते मला दिसतं आहे. तुला तेव्हा दिसलं होतं का? दिसत असूनच तू त्या गड्ड्या ठेवल्यास, असं आता वाटतं.

गुढीपाडव्याला मी विलासरावांना फोन करणार आहे. ते उचलणार नाहीत. दिवाळीच्या पाडव्याला परत करीन.